नाकावरची माशी

“तेव्हा बटाटा नव्हता.”

तो माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, माफ करा नाही, ‘जरा बोलू का’ नाही. मी दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. उजवी दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी नुकतीच भुलीची सुई टोचून दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं होतं, आणि मांडीवर माझ्या अनुवादाचं सत्याहत्तरावं पान होतं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मान वाकडी करून ते खुशाल वाचत होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. उंच, सावळा, पावसाने कोटाचे खांदे भिजलेले. मांडीवर चामड्याची जुनी पिशवी. आणि दहाच्या दहा नखं निळी.

“पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट दिसतेय,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “तुमचा रंगारी म्हणतोय, हे प्रकरण म्हणजे हातातला गरम बटाटा झालंय. पण त्याच्या मुलखात बटाटा पोचायलाच अजून कितीतरी वर्षं आहेत. जो त्याने पाहिला नाही तो हातात कसा घेईल?”

मला म्हणायचं होतं, ‘तुम्हाला कुणी विचारलं?’ पण अर्धं तोंड बधिर होतं. जे काही बाहेर पडलं त्यात एकही अक्षर धड नव्हतं, आणि वर हनुवटीवर लाळ ओघळली. त्याने खिशातून घडी केलेला रुमाल काढून पुढे केला. मी तो घेतला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला होता सांगू? त्याचं बरोबर होतं याचा.

“तुमचीही दाढ दुखतेय का?” आतून आलेल्या डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी त्याला विचारलं.

“नाही. वरचं ऑफिस दहाला उघडतं. इथे खुर्च्या कोरड्या आहेत म्हणून बसलोय.”

दाढ माझी, पान माझं, आणि शहाणपण या फुकट बसलेल्या माणसाचं. मी पानं पिशवीत कोंबली आणि आत जाऊन दाढ उपटून घेतली. दाढेपेक्षा तो बटाटाच जास्त सलत होता.

आता हे पान माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढ्यातेवढ्यावरून ही बाई का पेटते.

मी इटालियनमधून इंग्रजीत अनुवाद करते. नऊ वर्षं करतेय. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका, औषधांच्या डब्यांतले बारीक अक्षरांचे कागद, दारं कशी बसवायची त्याच्या सूचना. यातल्या एकावरही माझं नाव नाही. तरी आई त्या सगळ्या पुस्तिका घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवते. कुणी आलं की काढून दाखवते. “हे आमच्या लेकीने लिहिलंय,” म्हणते, आणि समोरचा माणूस कपडे धुण्याच्या यंत्राचं चित्र बघत बसतो.

मग एकदाची एक कादंबरी आली. कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांची गल्ली, तिथला एक म्हातारा रंगारी आणि त्याची तोंडाळ, रागीट, कामसू मुलगी. चारशे वीस पानं आणि पानापानावर म्हणी. पहिल्या पानावर ‘अनुवाद’ या शब्दापुढे माझं नाव येणार होतं. आईने बाहेरच्या खोलीतल्या फडताळाचा मधला खण रिकामा करून पुसून ठेवला होता, आणि रोज येताजाता त्यावरून हात फिरवत होती. तो खण भरायचा होता, एवढंच.

सुजलेल्या गालाने मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर प्रकाशन संस्थेत गेले. संपादकबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे हात केला.

“हे आपल्या पुस्तकाचे तपासनीस. वस्त्रसंग्रहालयात जुन्या कापडांच्या रंगांवर काम करतात. त्या काळात नसलेली एकही वस्तू पुस्तकात राहू नये, एवढं बघतील.”

खिडकीशी निळ्या नखांचा तो माणूस उभा होता. त्याने मान तुकवली. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “निघाली का?”

दाढेबद्दल विचारत होता. इटालियन माणूस एखाद्यावर चिडून असला की त्याचा दात विषारी झालाय असं म्हणतात. आपलं तेवढं विषापर्यंत जात नाही, आपला नुसता दात असतो. माझा एक नुकताच निघाला होता, पण त्याच्यावर धरायला बाकीचे पुष्कळ शिल्लक होते.

कामाची पद्धत अशी. पुस्तकाचे चार गठ्ठे. एकेक गठ्ठा तो वाचणार, जिथे काही सांगायचं असेल तिथे पानाच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवणार. मग दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी आम्ही कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बसायचं. मला पटलं तर मी वाक्य बदलायचं. नाही पटलं तर त्याच चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे, ‘बदल नको’. म्हणजे विषय संपला. शेवटचा शब्द अनुवादकाचा.

पहिल्या दिवशी तो एकोणीस चिठ्ठ्या घेऊन आला.

“आगपेटी नव्हती,” तो म्हणाला. “घड्याळ होतं, पण मिनिटकाटा नव्हता, तेव्हा हिचा बाप मिनिट मोजत बसणार नाही. आणि इथे तुम्ही म्हटलंय, ती वाफ बाहेर काढते. वाफेच्या इंजिनाला अजून दोनशे वर्षं आहेत.”

“राग वाफेसारखाच असतो. इंजिन असो नसो.”

“भांड्यावरचं झाकण उडू दे मग. भांडी होती.”

“तुम्हाला पुस्तकाची गोष्ट काय आहे हे तरी माहीत आहे का? की नुसत्या वस्तू मोजताय?”

“गोष्ट कळतेय,” तो शांतपणे म्हणाला. “म्हणून तर अडतोय.”

त्याचा शांतपणा हा त्याच्या स्वभावातला सगळ्यात मोठा उद्धटपणा होता. माझा आवाज जितका चढायचा तितका त्याचा खाली जायचा. शेवटी मला भांडायलासुद्धा पुढे वाकून ऐकावं लागायचं, आणि पुढे वाकलं की त्याच्या कोटाला येणारा ओल्या लोकरीचा, कडवट पाल्याचा वास यायचा. तो वास वाईट नव्हता. हेही मला आवडत नव्हतं.

इटालियनमध्ये फाजील चिकित्सा करणाऱ्याला ‘अंड्यात केस शोधणारा’ म्हणतात. मी घरी त्याला तेच नाव ठेवलं. “आज अंड्यातला केस काय म्हणाला?” आई विचारायची, आणि मी कणीक मळताना तासभर सांगायचे. आई ऐकून घ्यायची. एकदा फक्त म्हणाली, “यंत्रांच्या पुस्तिका करायचीस तेव्हा इतकं बोलायची नाहीस.”

दुसऱ्या आठवड्यात चहाबरोबर बिस्किटं आली. त्याने आपलं बिस्किट मोडलं, अर्धं चहात बुडवून मऊ केलं, आणि बशी माझ्या डाव्या हाताला सरकवली.

“डावीकडून खा. उजवीकडे अजून दुखत असेल.”

“तुम्हाला कसं माहीत कुठली बाजू?”

“त्या दिवशी तुम्ही नुसत्या डाव्या गालाने माझ्यावर ओरडत होतात,” तो म्हणाला. “म्हणजे… ओरडायचा प्रयत्न करत होतात.”

मी ते बिस्किट खाल्लं. रागानेच खाल्लं, पण खाल्लं.

पुढच्या मंगळवारी सत्त्याण्णव नंबरच्या पानावर तो थांबला. तिथे रंगाऱ्याची मुलगी भर बाजारात एका गिऱ्हाइकाला सुनावते. मूळ इटालियन वाक्य असं, की माझ्या नाकावर माशी उडून बसली. म्हणजे मला राग आला. मी इंग्रजीतही माशी तशीच ठेवली होती. सरळ ‘ती चिडली’ लिहिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, पण माझ्याने होईना.

“हिच्या नाकावर माशी बसली म्हणजे काय झालं?” त्याने विचारलं.

“राग आला.”

तो एकदम मागे टेकला. “थांबा. आमची आत्या… घरात सगळे म्हणायचे, ही नाकावर माशी बसू देत नाही.”

“माझी आई माझ्याबद्दल म्हणते.”

“यात मला नवल वाटलं नाही,” तो म्हणाला, आणि मी हसले. तोही हसला. त्याचं हसू डाव्या गालातून सुरू व्हायचं आणि उजव्यापर्यंत पोचायला वेळ घ्यायचं. खिडकीवर पाऊस वाजत होता, चहा निवत होता, आणि आम्ही दोघं त्या पाचशे वर्षांपूर्वीच्या पोरीवर हसत होतो.

“माशी तेव्हा होती,” शेवटी तो म्हणाला. “हरकत नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला कळेल?”

“ज्याला नाक आहे आणि ज्याने माशी पाहिली आहे, त्याला कळेल.”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्या पानावर त्याने चिठ्ठी लावली नाही.

त्या गुरुवारी जाताना त्याने पिशवीतून लाल लोकरीची एक छोटी लडी काढून टेबलावर ठेवली. मुळं उकळून काढलेला रंग. पुस्तकात मुलगी ज्या लालसाठी बापाशी भांडते, तोच. “शब्द बरोबर आहे तुमचा,” तो म्हणाला. “पण रंग बघितलेला असावा म्हणून…” वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्याची बरीच वाक्यं अशी अर्ध्यावर मान टाकायची. मी लडी खुणेला म्हणून पानांत ठेवली. घरी आईने पाहिली, काही विचारलं नाही. तिने न विचारणं हे विचारण्यापेक्षा वाईट असतं.

दोन गठ्ठे झाले. अडतीस चिठ्ठ्या. त्यांतल्या सतरांवर मी ‘बदल नको’ लिहिलं, बाकीच्या मुकाट्याने मान्य केल्या. उरलेले दोन गठ्ठे तो घरी वाचणार होता. संग्रहालयात काहीतरी निकडीचं काम निघालं होतं, म्हणून आमच्या बैठका आठवडाभर बंद राहिल्या. मंगळवारी दुपारी मी उगाचच तिसऱ्या मजल्यावर चढून कोपऱ्यातल्या खोलीत डोकावून आले. कशाला गेले होते, विचारू नका. त्याने शुक्रवारी दोन्ही गठ्ठे परस्पर संपादकबाईंकडे दिले.

आणि सोमवारी पत्र आलं.

आईनेच फोडलं, कारण तिला वाटलं मुखपृष्ठाचा नमुना आला. तिने वाचलं, चष्मा काढला, आणि कागद माझ्या हातात देऊन आत गेली. ‘तपासणीत एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या आल्यामुळे संस्थेच्या नियमानुसार हे काम दुसऱ्या हाताकडे सोपवण्यात येत आहे. अनुवादक म्हणून त्या व्यक्तीचं नाव छापलं जाईल. आपले आभार पुस्तकाच्या शेवटी मानले जातील.’

मी संस्थेत फोन लावला. शंभरावर चिठ्ठ्या गेल्या की अनुवाद कच्चा धरतात आणि दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घेतात, असा त्यांचा नियम. वर्षानुवर्षांचा. “सगळ्यांना ठाऊक असतो,” पलीकडून सांगितलं. माझं पहिलंच पुस्तक होतं. मला कोण सांगणार?

एकशे त्रेसष्ट. दोन गठ्ठ्यांत अडतीस, आणि पुढच्या दोन गठ्ठ्यांत सव्वाशे. समोर बसून बिस्किटं मऊ करून द्यायची, आणि पाठ वळली की सव्वाशे चुका काढायच्या. मी आत गेले तेव्हा आई फडताळाच्या त्या रिकाम्या खणात औषधाच्या बाटल्या मांडत होती. “उगाच धूळ बसते,” ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मी रडले नाही. मला रडू येत नाही, राग येतो. छत्री न घेता निघाले आणि थेट वस्त्रसंग्रहालय गाठलं.

तो मागच्या खोलीत होता. अंगावर डागांनी भरलेलं जाड कापडाचं एप्रन, समोर मोठं पातेलं, त्यात बुडवलेलं सूत. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. अक्षरशः उजळला, आणि त्याने मला आणखीच चीड आली. मी ओलं पत्र त्याच्या टेबलावर आपटलं.

“झालं समाधान? नऊ वर्षांनी एकदा माझं नाव येणार होतं. एकदा. आणि तू—” रागाच्या भरात ‘तुम्ही’ कधी गळून पडलं मला कळलंही नाही. “तुला काय, मिनिटकाटा नव्हता आणि बटाटा नव्हता. तोंडावर गोड बोलायचं आणि मागून गळा कापायचा. सुरी तरी होती ना त्या काळात?”

त्याने हात पुसले आणि पत्र वाचलं. एकदा, मग पुन्हा. त्याचा रंग उतरत गेला.

“चिठ्ठ्या मोजतात?” तो म्हणाला.

“मोजतात.”

“मला कुणी सांगितलं नाही. मी यांच्याकडे पहिल्यांदाच… पण त्या सगळ्या चुका नाहीत.”

“मग काय आहेत?”

तो कानापर्यंत लाल झाला.

“बोल ना. सव्वाशे चिठ्ठ्या लिहिता आल्या, एक वाक्य बोलता येत नाही?”

“तू… तुम्ही त्या वाचल्याच नाहीत?”

“मला कुणी दाखवल्या? पत्र आलं सरळ.”

“मग मी जाऊन बाईंना सांगतो. तुम्ही घरी जा. त्या तुम्ही नंतर, एकट्याने…”

“माझं नाव जातंय आणि मी घरी जाऊ?” मी म्हणाले. “चल. आत्ता.”

बोलणं आणि करणं यांच्यामध्ये अख्खा समुद्र असतो, अशी एक म्हण पुस्तकात होती. त्या दुपारी संग्रहालय आणि प्रकाशन संस्था यांच्यामध्ये फक्त चार रस्ते होते. मी पुढे ताडताड चालत होते, तो मागून एप्रनसकट येत होता, आणि दर वळणावर म्हणत होता, “ऐक तरी. सगळ्यांसमोर नको.” मी ऐकलं नाही.

संपादकबाई जेवणाचा डबा बंद करत होत्या. शेवटचे दोन गठ्ठे त्यांच्या टेबलावरच होते. कडेने पिवळ्या चिठ्ठ्यांची दाट झालर.

“चिठ्ठ्या वाचल्यात का तुम्ही?” मी विचारलं.

“इथे चिठ्ठ्या मोजतात,” बाई म्हणाल्या. “वाचायच्या अनुवादकाने.”

“माझं काम काढून घेताय ना? मग आज वाचा. मोठ्याने. माझ्या चुका मलाही कळू देत.”

“बाई, माझी विनंती आहे—” तो दारातून म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला. पहिली चिठ्ठी त्यांनी सरकारी पत्र वाचावं तशा आवाजात वाचली. “पान दोनशे अकरा. ‘मक्याची भाकरी नको, मका अजून आलेला नाही.’ ही चूक.” पान उलटलं. “दोनशे चौदा. ‘इथे हसलो.’” त्यांनी चिठ्ठीची मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. “दोनशे पंधरा. ‘इथेही.’ दोनशे एकोणीस. ‘ही म्हण पहिल्यांदा वाचली, पण आपली आजी बोलत असावी असं वाटलं. हे कसं जमवता?’”

पलीकडच्या टेबलावरचा टंकलेखक थांबला होता.

“दोनशे चाळीस. ‘या पानावर दोनदा थांबलो. एकदा वाक्य पुन्हा वाचायला. एकदा खिडकीबाहेर बघायला.’ दोनशे अठ्ठावन्न. ‘हे वाचून दाखवाल का? तुमच्या आवाजात ऐकायचं आहे. भांडणाच्या आवाजात चालेल.’ दोनशे सत्तर…” बाई थांबल्या. “ही वाचू?”

“वाचा,” मी म्हणाले.

“‘आज मंगळवार. कोपऱ्यातली खोली आठवली.’”

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बघूच शकले नाही. माझी नजर त्याच्या एप्रनवरच्या एका लाल डागावर होती, आणि तो डाग हळूहळू धूसर होत चालला होता. मला रडू येत नाही असं मी वर म्हटलंय. ते त्या दिवशी दुपारपर्यंत खरं होतं.

बाई वाचत राहिल्या. चुकीची चिठ्ठी आली की डावीकडे, बाकीच्या उजवीकडे. डावीकडे शेवटी सतरा झाल्या. उजवीकडे एकशे आठ.

“शेवटची,” त्या म्हणाल्या. “चारशे एकोणीस. मुलगी पुन्हा म्हणते की नाकावर माशी बसली. चिठ्ठी अशी. ‘अशी रागावणारी एकजण माझ्या ओळखीची आहे. तिच्यात काही बदलू नये.’” त्यांनी चष्मा काढून पुसला. “अडतीस आणि सतरा, पंचावन्न. शंभराच्या आत. काम तुमचंच. नावही तुमचंच.” मग त्याच्याकडे वळल्या. “आणि तुम्ही. हे ऑफिस आहे. प्रेमपत्रं टपालाने पाठवायची असतात.”

टंकलेखकाला खोकला आला. तो खोकला नव्हता.

खाली आलो तर पाऊस वाढलेला. आईला फोन करून मी एवढंच म्हटलं, “औषधाच्या बाटल्या काढ तिथून.” पलीकडून बाटल्यांचा आवाज आला. मग कोपऱ्यावरच्या कागदांच्या दुकानातून मी एक वस्तू घेतली, आणि तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. खुर्च्या कोरड्या होत्या. तो माझ्या शेजारी बसला. त्याच खुर्चीवर.

“मला अजून राग आहे,” मी म्हणाले.

“दिसतोय.”

“आयुष्यभर रंगांत काम करणारा माणूस, आणि चुका न् कौतुक सगळं एकाच पिवळ्या चिठ्ठीवर? दुसरा रंग मिळाला नाही?”

“ऑफिसच्या खणात पिवळ्याच होत्या.”

“तोंड होतं ना?”

“तुमच्यासमोर तोंड उघडलं की आधी भांडण होतं.”

“मगाशी रस्त्यात ‘तू’ म्हणालास.”

“आधी तू म्हणालीस,” तो म्हणाला, आणि त्याचं हसू डाव्या गालातून निघालं. पण ते उजव्यापर्यंत पोचलं नाही, मध्येच विझलं. “माझ्यामुळे तुझं नाव जाणार होतं. मी कौतुक करत गेलो आणि तेच तुझ्या मुळावर आलं. मला जे आवडतं ते मी असंच बिघडवतो. मला वेळेवर बोलता येत नाही. बोललो की चुका काढतो. दुसऱ्यांची पानं न विचारता वाचतो. नखांचा निळा रंग जात नाही, कितीही घासली तरी. चहा गार करून पितो. तेव्हा… तू नीट तपासून बघ, आणि मग काय ते ठरव.”

इतकं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आणि ते सगळं चुकांच्या यादीसारखं, एकेक करून, तिसऱ्या मजल्यावर बोलायचा त्याच आवाजात. माझ्या नाकावरची माशी तिथेच होती. उडाली नव्हती. पण ती अशी बसली होती की मला हलावंसंच वाटेना.

दुकानातून आणलेली वस्तू मी पिशवीतून काढली. हिरव्या चिठ्ठ्यांचा नवा गठ्ठा. वरची एक सोडवली, त्याच्याच खिशातली पेन्सिल ओढून घेतली, दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी त्याच्या एप्रनवर, बरोबर डाव्या बाजूला चिकटवली. मग आणखी एक, खांद्यावर. आणखी एक निळ्या नखांच्या हातावर, आणि तो हात मग मी सोडला नाही.

आतून डॉक्टरांच्या मदतनीस बाई डोकावल्या. “कुणाचं दुखतंय?” त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी माना हलवल्या.

“किती लावणार आहेस?” तो मान वाकडी करून आपल्याच अंगाकडे बघत म्हणाला. त्याला उलटी अक्षरं लागत नव्हती.

“मोजू नकोस,” मी म्हणाले. “वाच.”

त्याने छातीवरची चिठ्ठी सोडवली आणि सरळ धरून वाचली. ‘बदल नको.’